तीन आठवडे अडकलेलं प्रकरण

आज दुपारी शेवटी गाईड मॅडमना माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण दाखवलं. लिहून तीन आठवडे झाले होते. रोज विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जायचे, फाईल उघडायचे, एखादं वाक्य पुसून पुन्हा तेच लिहायचे आणि 'अजून थोडं वाचून घेऊ' म्हणत बंद करायचे. त्याला मी अभ्यास म्हणत होते. खरं तर भीती होती, हिला एवढंही येत नाही असं कुणी म्हणेल याची.

विषय १९७२ च्या दुष्काळाचा. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, पण त्याआधीच माझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. एवढ्या संदर्भग्रंथांमध्ये तिचं सांगणं घालायला मी लाजत होते.

मॅडमनी लाल पेनाने बरंच खोडलं. दोन संदर्भ चुकले होते, एक परिच्छेद अख्खा गेला. आजीच्या पानापाशी मात्र थांबल्या. म्हणाल्या, "इथं तू लिहिते आहेस. बाकी ठिकाणी लपली आहेस."

होस्टेलवर येऊन मैत्रिणीला सांगितलं, तर तिनेही महिनाभर दडवलेली फाईल काढली. आता मेसच्या टेबलावर बसून एकमेकींचं वाचतोय. रविवारी गावी जाऊन आजीला विचारायचंय, खडीचे पैसे कसे मिळायचे, रोजावर की मापावर.