तुम्ही विचारलंत म्हणून: इन्सुलिन घेऊनही शुगर का उतरत नाही?

"इन्सुलिन रोज न चुकता घेतोय, तरी शुगर उतरत नाही. चार युनिट वाढवून घेऊ का?" औषधाच्या दुकानात हा प्रश्न नेहमीचा. डोस वाढवणं फार्मासिस्टचं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण वाढवायच्या आधी घरची बाटली, सिरिंज आणि चिठ्ठी एका पिशवीत घालून दुकानात घेऊन या. बऱ्याचदा गडबड त्या पिशवीतच सापडते.

आम्ही आधी बघतो ते सिरिंजचं टोपण. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० च्या इन्सुलिनची नारिंगी. लाल मिळाली नाही म्हणून नारिंगी नेली आणि ४० चं इन्सुलिन सवयीने २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलटं झालं तर जिवावर बेततं: १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत ओढलं की ५० युनिट होतात. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दर वेळी, दुकानातच, जुळवून घ्या. घाई आमचीही असते, तरी विचारा.

दुसरी गडबड उन्हाची. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीपार असतो, आणि बाटली जाते गाडीच्या डिकीत. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलं की वितळल्यावर कितीही चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. वापरातली बाटली साधारण चार आठवडे चालते, नेमके दिवस पत्रकात असतात. उघडल्याची तारीख पेनने बाटलीवरच लिहा. फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवा, मधे ओली वाळू भरा, वर ओलं फडकं टाका. बाटली डब्यात बंद करून आत ठेवायची, नाहीतर लेबल भिजतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे छान गार राहतं, पावसाळ्यात दमट हवेत तेवढं नाही. आणि दुधट इन्सुलिन असेल तर बाटली तळहातांत दहा वेळा घोळवा, गदागदा हलवू नका.

हे सगळं ठीक असेल तर पोटावर हात फिरवून बघा. रोज एकाच जागी टोचून गाठ झाली असेल तर तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. दुखत नाही म्हणून लोकांना तीच जागा आवडते! जागा बदला, दोन टोचण्यांत बोटभर अंतर ठेवा, पण बदलताना डॉक्टरांना सांगा. चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर अचानक खाली येऊ शकते.

घाम फुटला, हात थरथरले, मीटरवर ७० च्या खाली दिसलं, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची. शेंगाची पोळी नको. गोड असली तरी शेंगदाण्याच्या तेलामुळे तिची साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. शुगर वर आली की मग पोळी किंवा भाकरी. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.