तोब्रुकचा आग्नेय कोपरा

२० जून

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांनी राखलेल्या लिबियातल्या तोब्रुक बंदराचा नकाशा आज पुन्हा काढून बसलो. १९४२ साली याच तारखेला पहाटे जर्मन विमाने तटबंदीच्या आग्नेय भागावर तुटून पडली आणि तिथल्या चौक्यांमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती, हे वाक्य मी कितीदा तरी वाचले आहे. तरी दरवर्षी त्याच्यापाशी थबकतो.

आदल्या वर्षी याच तोब्रुकने जवळजवळ आठ महिने वेढा सोसला होता. पण १९४२च्या उन्हाळ्यापर्यंत रणगाडे अडवण्यासाठी खणलेला खंदक जागोजागी वाळूने बुजला होता, पेरलेल्या सुरुंगांपैकी कित्येक पश्चिमेकडच्या गझालाच्या बचावफळीसाठी उपसून नेले होते आणि सुमारे ५० किलोमीटरचा परिघ राखायला रणगाडाविरोधी तोफा फारच थोड्या होत्या. विमानांमागून तोफा, तोफांमागून सुरुंग काढणारी तुकडी आणि तिच्यामागून रणगाडे, असा तो मारा एका अरुंद पट्ट्यावर आला आणि संध्याकाळपर्यंत जर्मन सेनापती रोमेलचे रणगाडे बंदरात पोहोचले. दुसऱ्या दिवशी तोब्रुकच्या फौजेचे सेनापती क्लॉपर यांनी शरणागती पत्करली. सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. शेजारच्या कॅमेरॉन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीने मात्र २२ तारखेपर्यंत शस्त्रे खाली ठेवली नाहीत.

ही बातमी चर्चिल यांना वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्ट यांच्यासमोर कळली आणि पुढे त्यांनी पराभव व नामुष्की यांत फरक करून तोब्रुकला दुसऱ्या रकान्यात टाकले. मला हे मान्य होत नाही. खंदक बुजू देणारे आणि सुरुंग हलवण्याचा हुकूम देणारे त्या चौक्यांमध्ये बसलेले नव्हते. तिथे कोकणातली आणि देशावरची शेतकऱ्यांची मुले होती. त्या दिवसांत त्यांच्या घरी पहिल्या पावसानंतर भाताचे तरवे हिरवे झाले असतील आणि लावणीला माणसे कमी पडत असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

उत्तर आफ्रिकेत पडलेल्या आणि ज्यांना थडगे नाही अशा भारतीय सैनिकांची नावे इजिप्तमधल्या अल अलामेनच्या स्मारकावर कोरलेली आहेत. ज्यांच्यावर त्यांच्या धर्माप्रमाणे अग्निसंस्कार झाले, त्यांच्यासाठी तिथे वेगळे स्मारक आहे. माझ्या नकाशावर चौक्यांना नावे नाहीत, फक्त क्रमांक आहेत. आज आग्नेय कोपऱ्यातल्या त्या क्रमांकांशेजारी पेन्सिलीने ‘मराठा, दुसरी पलटण’ असे लिहून ठेवले.