सें-जर्मेन ते फ्रास्काती: राज्य गेलेल्या राजाच्या लेकी

पॅरिसला जाणारा माणूस व्हर्सायला जाऊन येतोच. सें-जर्मेन-आं-लेला मात्र फारसं कुणी वळत नाही. खरं तर तिथे पोचणं जास्त सोपं आहे. पॅरिसच्या उपनगरी रेल्वेच्या, म्हणजे आरईआरच्या, ए लाइनचं ते शेवटचं स्टेशन. भुयारातून जिना चढून वर आलं की राजवाडा समोरच उभा. माझी लेक पॅरिसात शिकते. तिला सुट्टी होती, म्हणून आम्ही दोघी निघालो. मला तिथे जायचं होतं ते एका पदच्युत राजासाठी आणि त्याहून जास्त त्याच्या घरातल्या मुलींसाठी.

इंग्लंडचा जेम्स दुसरा. आपल्याकडे त्याचा थोरला भाऊ जास्त माहीत आहे: पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनशी लग्न करून मुंबई आंदण मिळवणारा चार्ल्स दुसरा. चार्ल्सला औरस मूल झालं नाही, म्हणून १६८५ मध्ये गादी धाकट्या भावाकडे आली. जेम्सने तोवर कॅथलिक धर्म स्वीकारला होता आणि ते सगळ्या देशाला माहीत होतं. त्याच्याच कारकिर्दीत ईस्ट इंडिया कंपनीने औरंगजेबाशी लढाई उकरून काढली. तिचं फळ म्हणून १६८९ मध्ये सिद्दी याकूत मुंबई बेटावर उतरला, पण तेव्हा जेम्स राजा राहिलेलाच नव्हता.

त्याला दोन बायका. पहिली अ‍ॅन हाइड; तिच्या मेरी आणि अ‍ॅन या दोन मुली जगल्या. चार्ल्सच्या हुकमाने दोघी प्रोटेस्टंट म्हणून वाढल्या. दुसरी मेरी ऑफ मोडेना, इटालियन आणि कॅथलिक. लोक जेम्सला सहन करत होते, कारण त्याच्यामागे गादी प्रोटेस्टंट मुलीकडेच जाणार होती. मग १० जून १६८८ रोजी दुसऱ्या राणीला मुलगा झाला आणि सगळं फिसकटलं. खोलीत माणसांची दाटी असताना झालेलं हे बाळंतपण, तरी आवई उठली की मूल राणीचं नाहीच. अंथरूण शेकायच्या तांब्याच्या भांड्यातून कुणाचं तरी पोर आत आणलं. धाकटी लेक अ‍ॅन त्या वेळी बाथ या गावी होती. तिने हॉलंडमधल्या बहिणीला पत्रं लिहून हा संशय आणखी पेटवला. मेरीचा नवरा विल्यम ऑफ ऑरेंज नोव्हेंबरमध्ये फौज घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यावर टॉर्बेला उतरला. महिनाअखेर अ‍ॅन रात्री मागच्या जिन्याने लंडनचा राजवाडा सोडून गेली. हे कळल्यावर जेम्स खचला. फौज फुटली तेव्हा तो इतका खचला नव्हता.

डिसेंबरात राणी सहा महिन्यांच्या पोराला घेऊन धोबिणीच्या वेशात थेम्स ओलांडून पळाली. जेम्सही राजमुद्रा नदीत टाकून निघाला, पकडला गेला, मग विल्यमने काणाडोळा केल्यावर पुन्हा निसटला. चौदाव्या लुईने त्यांना सें-जर्मेनचा वाडा दिला. लुई स्वतः याच गावात जन्मलेला; १६८२ मध्ये त्याने दरबार व्हर्सायला हलवल्यापासून वाडा ओस होता. वर्षाला सहा लाख लीव्र नेमणूकही त्याने बांधून दिली.

वाडा विटा-दगडांचा, वेडावाकडा पाच कोनी. मधल्या चौकाच्या अंगाला सेंट लुईच्या काळातलं, तेराव्या शतकातलं चॅपल. आता इथे फ्रान्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकात डागडुजी करणाऱ्यांनी वाडा पहिल्या फ्रान्स्वाच्या काळाबरहुकूम करायचं ठरवलं आणि लुईने वाढवलेली कोपऱ्यांवरची दालनं पाडून टाकली. म्हणजे या कुटुंबाने पाहिलेल्या वाड्याचा मोठा भाग आज जागेवरच नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं. आदिमानवाची हत्यारं बघत आम्ही खोल्यांमधून हिंडत होतो आणि मी मात्र खिडक्यांकडेच बघत होते.

लेकीने विचारलं, "पण आई, बापाचं चुकलं नव्हतं का काहीच?"

चुकलं होतं, चांगलंच. पार्लमेंटने केलेले कायदे तो स्वतःच्या अधिकारात बाजूला सारत होता, फौजेत कॅथलिक अधिकारी भरत होता, विरोध करणाऱ्या सात बिशपांना त्याने टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात डांबलं होतं. त्याआधी कितीतरी वर्षं तो गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा गव्हर्नर होता. त्याच्याबद्दल हळहळताना हे विसरता येत नाही, आणि मी विसरणारही नाही. पण त्याच्या पोरांनी यातलं काहीच केलं नव्हतं.

यातली एक पोर याच वाड्यात जन्मली. लुईझा मारिया, २८ जून १६९२. तिच्या जन्माआधी जेम्सने इंग्लंडला निरोप धाडले होते: या, बाळंतपण डोळ्यांनी बघा. निरोप आपल्या गादीवर बसलेल्या थोरल्या लेकीलाही होता. ती आली नाही. जेम्स या शेंडेफळाला आपलं सांत्वन म्हणायचा. पुढे १६९४ मध्ये थोरली मेरी देवीच्या साथीत गेली, तेव्हा त्याने आपल्या दरबाराला सुतक पाळू दिलं नाही. मी हे वाचलं होतं, पण त्या चौकात उभं राहून लेकीला सांगताना मला पुढे बोलवेना.

वाड्यासमोर रस्ता ओलांडला की गावाचं चर्च, पुढे मोठे खांब असलेलं. आत एका बाजूच्या चॅपलमध्ये पांढऱ्या संगमरवरात जेम्सचं स्मारक आहे. तो १६ सप्टेंबर १७०१ रोजी वारला आणि त्याचा देह वाटला गेला: मेंदू पॅरिसच्या स्कॉट्स कॉलेजला, हृदय शायोच्या मठाला, आतड्यांचा एक भाग या चर्चला आणि उरलेला देह पॅरिसात इंग्लिश बेनेडिक्टाइनांकडे. तिथे त्याला पुरलंच नाही. एक दिवस वेस्टमिन्स्टरला नेता येईल म्हणून पेटी तशीच ठेवली होती. फ्रेंच राज्यक्रांतीत ती फोडली गेली. हे चर्च नव्याने बांधताना १८२४ मध्ये इथला अवशेष सापडला आणि स्मारक करायला सांगितलं ते चौथ्या जॉर्जने, म्हणजे जेम्सच्या वंशाला डावलून आलेल्या हॅनोव्हर घराण्याच्या राजाने. १८५५ च्या भेटीत व्हिक्टोरिया राणीही इथे आली होती. स्मारकावर बोट फिरवलं तर संगमरवर थंडगार लागतो, आणि कडेच्या अक्षरांत धूळ बसलेली असते.

लुईझाचं मात्र इथे काही नाही. ती १९ वर्षांची असताना, एप्रिल १७१२ मध्ये, तिला आणि भावाला एकदमच देवी आल्या. भाऊ उठला, ती गेली. वडिलांच्या पेटीशेजारी तिला ठेवलं होतं. तेही राज्यक्रांतीत नाहीसं झालं. तिने इंग्लंड कधी पाहिलं नाही. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत लार्जिलिएरने १६९५ मध्ये काढलेलं भावंडांचं चित्र आहे. लाल कोटातला मुलगा, बाजूला कुत्रा आणि तीन वर्षांची ती. देश बघायला मिळाला तो चित्रालाच.

गावाच्या कडेला, लुईच्या बागा आखणाऱ्या ल नोत्रने आखलेली गच्ची आहे, जवळपास अडीच किलोमीटर लांब सरळ रेघ. खाली सेन नदी, लांबवर पॅरिस. दुपारी तिथे सायकली, बाबागाड्या, पळणारी माणसं. आम्ही भिंतीवर बसून सँडविच खाल्लं. मेरी ऑफ मोडेना नवरा गेल्यावर सतरा वर्षं जगली, लेकही तिच्यासमोर गेली, आणि मागे आलेल्या आयरिश-स्कॉटिश निर्वासितांना पोसता पोसता तिच्याजवळ फारसं काही उरलं नाही. तिच्या मुलाला तर १७१३ च्या उत्रेख्त तहापायी फ्रान्सही सोडावा लागला होता.

हा मुलगा, जेम्स फ्रान्सिस एडवर्ड. समर्थकांसाठी जेम्स तिसरा, विरोधकांसाठी तोतया दावेदार. इंग्लंडची राणी झालेल्या सावत्र बहिणीची, अ‍ॅनची, तब्येत ढासळली तेव्हा इंग्लंडच्या मंत्र्यांनी त्याला सुचवून पाहिलं: धर्म बदल, पुढचं बघू. त्याने नाही म्हटलं. १७१४ मध्ये अ‍ॅन गेली आणि पन्नासहून जास्त कॅथलिक वारस ओलांडून गादी हॅनोव्हरच्या जॉर्जकडे गेली. या एका नकारासाठी मला त्याच्याबद्दल आदर वाटतो. ज्या श्रद्धेपायी बापाचं राज्य गेलं, ती सोयीसाठी टाकून देणं त्याला जमलं नाही.

पुढचा प्रवास रोमचा, आणि तो मी एकटीने केला. पियात्सा देई सांती आपोस्तोली हा लांबट चौक व्हेनिस चौकापासून चालत दोन-तीन मिनिटांवर. त्याच्या अरुंद टोकाला पालात्सो मुती आहे. पोपने दिलेल्या या वाड्यात कुटुंब १७१९ पासून राहिलं. बाहेरून सांगायला काही नाही. पिवळसर भिंती, खाली दारात उभ्या स्कूटर. आतल्या वाटेवर एक पाटी आहे: धाकटा मुलगा हेन्री, यॉर्कचा कार्डिनल, इथे राहत होता आणि १८०७ मध्ये त्याच्याबरोबर स्टुअर्ट घराणं संपलं. पाटीवर बापाचं नाव आहे, आईचं नाही.

आई म्हणजे मारिया क्लेमेंटिना सोबिएस्का, व्हिएन्ना वाचवणाऱ्या पोलंडच्या यान सोबिएस्कीची नात. लग्नाला निघाली तेव्हा इंग्लंडच्या सांगण्यावरून ऑस्ट्रियाच्या सम्राटाने तिला इन्सब्रुकला अडकवून ठेवलं. चार्ल्स वोगन नावाच्या आयरिश माणसाने एप्रिल १७१९ मध्ये तिच्या जागी एक मोलकरीण झोपवून तिला रातोरात बाहेर काढलं आणि बर्फातून ब्रेनर खिंड ओलांडून इटलीत आणलं. १६ वर्षांची मुलगी, आणि हे सगळं न पाहिलेल्या नवऱ्यासाठी! पुढे मुलांना कोण शिकवणार, घरात शब्द कुणाचा चालणार यावरून खटके उडाले आणि १७२५ मध्ये, धाकट्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, ती त्रास्तेव्हेरेच्या सांता चेचिलिया मठात निघून गेली. दोन वर्षांनी परतली ती उपासतापासात बुडालेली. ३२ व्या वर्षी गेली.

चौकातल्याच सांती आपोस्तोली चर्चमध्ये एका खांबावर तिचं हृदय ठेवलेला संगमरवरी कलश आहे. देह सेंट पीटर्समध्ये. तिथे शिरल्यावर डावीकडच्या भागात, एका दाराच्या वर तिचं स्मारक दिसतं. मध्ये मोझाइकमध्ये तिचा चेहरा, खाली राणी अशी पदवी. समोरच शिल्पकार कानोव्हाने १८१९ मध्ये केलेलं नवऱ्याचं आणि दोन्ही मुलांचं स्मारक, बंद दाराशी मान खाली घातलेले दोन देवदूत. जिथे कधी राज्य केलं नाही तिथल्या राजाराणीची पदवी मिरवत नवरा-बायको असे समोरासमोर आहेत. गर्दी मधून मायकेलअँजेलोच्या पिएता या शिल्पाकडे जाते. मी बराच वेळ तिथे उभी होते, रखवालदाराने दोनदा पाहिलं.

थोरला मुलगा चार्ल्स, १७४५ चं स्कॉटलंडमधलं बंड आणि १६ एप्रिल १७४६ ची कलोडनच्या लढाईतली हार, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मी त्यावर इथे लिहीत नाही. मला त्याची लेक शार्लट सांगायची आहे. क्लेमेंटिना वॉकिन्शॉ या प्रेयसीपासून १७५३ मध्ये झालेली. चार्ल्स दारूत आणि मारझोडीत गेला, तेव्हा १७६० मध्ये आई तिला घेऊन पळाली. त्यानंतर मायलेकी फ्रान्समधल्या मठांत, नेमणुकीच्या तुटपुंज्या पैशांवर राहिल्या. मुलीने बापाला पत्रं लिहिली, तो बधला नाही. पुढे लग्न केलेली बायकोही सोडून गेल्यावर, आजारी आणि एकटा पडल्यावर, त्याला लेक आठवली. १७८४ मध्ये त्याने तिला फ्लॉरेन्सला बोलावून घेतलं, ऑल्बनीची डचेस केलं. ती गेली. आपली तीन लहान मुलं, जी रोआन घराण्यातल्या आर्चबिशपपासून झालेली म्हणून कुणाला सांगायची सोय नव्हती, आजीजवळ ठेवून गेली. बापाची सेवा करून १७८८ मध्ये त्याला पालात्सो मुतीमध्ये निरोप दिला आणि दोन वर्षांच्या आत बोलोन्यात स्वतः गेली, ३६ व्या वर्षी. तिची कबर असलेलं चर्चही नेपोलियनच्या फौजा आल्यावर पाडलं गेलं.

फ्रास्काती रोमहून लोकलने अर्ध्या तासावर. स्टेशनपासून पायऱ्या चढत गावात जायचं. हेन्री इथला बिशप होता, म्हणून चार्ल्सला आधी इथल्या कॅथेड्रलमध्ये पुरलं. पोपने सेंट पीटर्समध्ये राजाचा मान देऊन पुरायला नकार दिला होता. भावाचं नाव हेन्रीने दगडात तिसरा चार्ल्स म्हणून कोरून घेतलं. दुपारी चर्च रिकामं होतं. एक आजी फुलं बदलत होत्या. मी कोण, कुठून आले हे त्यांनी खुणांनी विचारलं, आणि मी बोट दाखवताच स्मारकाची कड आपल्या पदराने, म्हणजे अ‍ॅप्रनच्या टोकाने, पुसून दिली.

नेपोलियनमुळे हेन्रीचं उत्पन्न गेलं, तेव्हा तिसऱ्या जॉर्जने त्याला वर्षाला ४,००० पौंड पेन्शन दिलं. १८०७ मध्ये तो इथेच वारला. जॅकोबाइटांच्या, म्हणजे या घराण्याच्या समर्थकांच्या, हिशेबाने वारसा मग जेम्स दुसऱ्याच्या बहिणीच्या वंशाकडे गेला आणि आज तो बव्हेरियाच्या ड्यूक फ्रान्झकडे आहे. ते लहानपणी नाझींच्या छळछावण्यांत राहून आलेले आहेत आणि गादीवर दावा सांगत नाहीत.

पण जेम्स दुसऱ्याचं रक्त पुढे गेलं ते औरस पोरांतून नाही. अरेबेला चर्चिल त्याची प्रेयसी होती. १६८८ मध्ये विल्यमला फितूर झालेल्या सेनानी जॉन चर्चिलची ही बहीण. तिचा मुलगा बेरिकचा ड्यूक फ्रान्सचा मार्शल झाला, त्याच्यापासून स्पेनचं आल्बा घराणं फिट्झ-जेम्स स्टुअर्ट हे नाव लावू लागलं. आणि मुलगी हेन्रिएटा. तिचं लग्न वॉल्डग्रेव्ह घराण्यात झालं, नवरा जेम्सबरोबर परागंदा झाला. त्यांच्या मुलाने मात्र धर्म बदलला आणि हॅनोव्हर राजाचा वकील म्हणून पॅरिसात बसला. त्याच्या वंशातली एक मुलगी स्पेन्सरांकडे गेली. प्रिन्सेस डायना तिची वंशज, म्हणून जेम्स दुसऱ्याचं रक्त आज डायनाच्या मुलाच्या, प्रिन्स विल्यमच्या, अंगात आहे, तेही कुणी हिशेबात न धरलेल्या एका लेकीमुळे.

हेन्रिएटाला एसेक्समधल्या नेव्हस्टॉकला पुरलंय. लंडनहून फार लांब नाही. लेकीला सांगून ठेवलंय, पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जायचं.