सायलेन्स कापा, पण फक्त दोन टोकांचा

घरातल्या जुन्या कॅसेट्स कॉम्प्युटरवर घ्यायचं काम सध्या बरेच जण करतायत आणि त्यात एक प्रश्न हमखास येतो, की गाण्याच्या आधीची-नंतरची रिकामी जागा पटकन कशी काढायची. मग कुणीतरी सांगतं की ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, शांत जागा आपोआप छाटणारा ट्रंकेट सायलेन्स नावाचा इफेक्ट आहे, सगळं सिलेक्ट कर, लाव आणि मोकळा हो. भाषण, मुलाखत असल्या रेकॉर्डिंगला ठीक आहे ते. गाण्याला मात्र लावू नका, आणि ख्यालाला तर अजिबातच नको.

त्या इफेक्टला शांतता कळत नाही, आकडा कळतो. डिफॉल्ट सेटिंगला तो आकडा उणे 20 डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) आणि वेळ अर्धा सेकंद. म्हणजे आवाज अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उणे 20 च्या खाली राहिला की ती जागा रिकामी धरायची आणि छाटायची. आता विलंबित ख्याल लावलाय, आलाप मंद्रात उतरलाय, मध्येच गायक थांबलाय आणि नुसते तानपुरे ऐकू येतायत, हे सगळं त्या आकड्याच्या खाली सहज जातं. तबला सोलोत तर अजून वाईट, दमदार तिहाईत (तोच बोल तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येणं) दोन पल्ल्यांमधला, म्हणजे दोन आवर्तनांमधला, जो दम (थांबा) असतो तो मात्रा मोजूनच ठेवलेला असतो, त्यातला जरा तुकडा उडाला की तिहाई समेवर येतच नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं वाजवणारा चुकला! एवढ्या मोठ्या कलाकाराच्या माथी आपण हे का मारायचं?

म्हणून हाताने कापा, वेळ फार लागत नाही. आधी डावीकडच्या उभ्या स्केलवर राइट क्लिक करून डीबीवालं दृश्य घ्या. साध्या दृश्यात शेवटी सपाट रेघ दिसते आणि वाटतं गाणं संपलं, पण डीबीत बघितलं की तानपुऱ्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, अजून उतरत चाललेली स्पष्ट दिसते. ती पार टेपच्या हिसमध्ये (टेपचा सततचा सूं आवाज) मिसळेपर्यंत जाऊ द्या, मग कापा, आणि शेवटच्या सेकंदाला फेड आउट द्या, म्हणजे आवाज हळूहळू शून्यावर न्या, नाहीतर हिस एकदम तुटते आणि ते कानाला फार खटकतं.

सुरुवातीला कॅसेटची लीडर टेप, म्हणजे टोकाला जोडलेली कोरी पट्टी असते, काही सेकंदांची, तिच्यावर चुंबकीय थरच नसतो त्यामुळे तिथे हिसही नसते. हिस सुरू झाली की खरी टेप सुरू झाली. पहिल्या सुराआधी साधारण अर्धा सेकंद ठेवाच, कारण सुराला अगदी चिकटून कापलं तर गायकाने घेतलेला श्वास जातो.

ऑडॅसिटीच्या 3.1 व्हर्जनपासून क्लिपची (ट्रॅकवरच्या आवाजाच्या तुकड्याची) कड नुसती ओढून आत घेता येते आणि जास्त कापलं गेलं तर परत बाहेर ओढता येते, आवाज जात नाही, ही फार मोठी सोय आहे. फक्त डावी कड आत घेतल्यावर क्लिप सरकवून शून्यावर आणा, नाहीतर एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये पुढे तेवढीच रिकामी जागा परत येऊ शकते.

फाइल आधीच एमपीथ्री असेल तर ऑडॅसिटीत उघडू नका, कारण सेव्ह करताना ती परत एन्कोड होते, म्हणजे नव्याने दाबून लहान केली जाते, आणि क्वालिटी अजून थोडी जाते. त्यासाठी एमपीथ्री-डायरेक्ट-कट नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते एन्कोड न करता थेट फ्रेमवर कापतं. एक फ्रेम, म्हणजे एमपीथ्रीचा सर्वात छोटा तुकडा, 1152 सॅम्पलची (आवाजाच्या एकेक मोजणीची), सीडीच्या 44,100 हर्ट्झला साधारण 26 मिलिसेकंद, टोकं कापायला तेवढी बारीक मोजणी भरपूर झाली.

आणि जुन्या 78 आरपीएम तबकड्यांवरून घेतलेलं काही असेल तर शेवटाला जरा थांबा. 1902 साली गायिका गौहर जान यांनी कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं तेव्हापासूनच्या कितीतरी तबकड्यांवर गाणं संपल्यावर गायक स्वतःचं नाव सांगतात. तबकड्या परदेशात छापल्या जायच्या, तिथल्या लोकांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून. गाणं आणि नाव यांच्यात छोटी फट असते, तिथे कापलंत तर नाव गेलं. नावाच्या पुढे नुसती खरखर उरली की तिथे कापा.