दोन वाजता, चाळीस मीटर

वारीत आंधळ्याला वाट सापडायची अडचण नसते. पुढं वीणा, आजूबाजूला टाळ, अंगाला अंग लागून चाललेली माणसं आणि मध्येच उसळणारा ‘भानुदास एकनाथ’चा गजर. कान शाबूत असले की पाय पडत राहतात. नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठण सोडते, तिथून पंढरपूरपर्यंतचे अठरा-एकोणीस दिवस मला कुणी ‘डावीकडं वळ’ सांगावं लागत नाही. सगळं वळलं की मीही वळतो.

माझी अडचण पहाटे चारला सुरू व्हायची.

सरळच सांगतो, परसाकडे जायची. पहिल्या दोन वाऱ्यांत मी गावच्या आबांना उठवायचो. दिवसभर चाललेलं म्हातारं माणूस, पण ‘चल बाबा’ म्हणून उठायचे, हात धरून न्यायचे आणि दहा पावलांवर पाठ करून खाकरत उभे राहायचे. त्या खाकरण्यानंच माझं आटोपायचं राहून जायचं. मग मी रात्रीची भाकर अर्धीच खायला लागलो. आबांना वाटायचं, पोराला भूक लागत नाही.

तिसऱ्या वारीला फोन तयार करून नेला. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, आधीपासून वापरत होतोच. त्यात ऑसमअँड हे नकाशाचं ॲप घेतलं आणि वाटेतल्या जिल्ह्यांचे नकाशे घरीच उतरवून ठेवले. हे महत्त्वाचं. बालाघाटाच्या डोंगरात रेंज गेली की लोक म्हणतात ‘जीपीएस गेलं’. ते जात नाही. सिग्नल उपग्रहाकडून येतो, त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही. जातो तो नेटवरचा नकाशा. नकाशा खिशात असला की काम भागतं. या ॲपमध्ये दिशा घड्याळासारखी ऐकायची सोय आहे: समोर बारा, उजवीकडं तीन, पाठीमागं सहा. एकाच कानात इयरफोन घालायचा, दुसरा कान जगासाठी मोकळा. दोन्ही कान बुजवून काठी फिरवणारा आंधळा स्वतःच्या हातानं दुसऱ्यांदा आंधळा होतो, असं माझं मत आहे.

मुक्कामाला पोचलो की पहिलं काम ठरलेलं. सामानाचा ट्रक लागला, ताडपत्री पसरली, की तिथं उभं राहून खूण साठवायची. नाव काहीही द्यायचं: ‘लिंबाखाली ट्रक’, ‘शाळेची भिंत’. पहाटे मग काठी घेऊन निघायचं, पावलं मोजायची गरज नाही, परतताना फोनला विचारायचं.

पहिल्यांदा विचारलं ते रायमोह्याला. इयरफोन काढून ठेवला होता, त्यामुळं फोन मोठ्यानं बोलला. दोन वाजता, चाळीस मीटर. शेजारी चूळ भरणारे एक वारकरी म्हणाले, “माउली, घड्याळ बिघडलं तुमचं. आत्ताशी साडेचार झालेत.”

फोनला तुम्ही कुठं आहात ते कळतं, तुमचं तोंड कुठं आहे ते उभ्या उभ्या कळत नाही. ते त्याला आतल्या होकायंत्रावरून समजतं, नाहीतर तुम्ही चार पावलं चालल्यावर. पहिले दोन दिवस मला जागच्या जागी कधी तीन वाजता, कधी नऊ वाजता असं ऐकू येत होतं. फोनच्या पाकिटाला झाकण बंद राहावं म्हणून लोहचुंबक होतं, ते होकायंत्राला नाचवत होतं. पाकीट काढून टाकलं. पाऊस आला की प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन.

मोकळ्या आभाळाखाली फोनची चूक साधारण पाच मीटर. डोळस माणसाला पाच मीटर म्हणजे काहीच नाही. मुक्कामात पाच मीटर म्हणजे दोन राहुट्या आणि मधले चार दोर. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका साध्या लोकांसाठीचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडायची, तेव्हा चूक शंभर मीटरपर्यंत जायची. त्या काळात मी थेट दुसऱ्या दिंडीत जेवलो असतो.

तसा जेवलोच एकदा. पाटोद्याला घाई केली. ट्रकमध्ये, पत्र्याखाली बसूनच खूण साठवली, फोनला जागा नीट कळायच्या आधी. संध्याकाळी हातपाय धुऊन परत आलो, फोन म्हणाला पोचलात, काठीला ताडपत्री लागली, पंगत बसलेली होती. बसलो. पिठलं-भाकरी आली, वर ठेचा. कुणी काही विचारलं नाही. वारीत विचारत नाहीत. अर्ध्या भाकरीत लक्षात आलं, आमच्या दिंडीत पिठल्यात एवढा लसूण नसतो. विचारलं तर वाढणारी बाई म्हणाली, “आमची दिंडी नसंना का तुमची, जेवा की निवांत.” तेव्हापासून शेवटचे पाच मीटर मी फोनवर सोडत नाही. ते कानानं आणि नाकानं काढतो. आमच्या ट्रकला डिझेलचा वास जरा जास्तच येतो, आणि पखवाजवाल्याचा खोकला तर अर्ध्या मुक्कामाला ओळखीचा.

चालताना मात्र फोन बंद. खूण जमिनीला चिकटलेली असते आणि दिंडी तर सरकत असते. मागं राहिलो तर खुणेचा उपयोग शून्य. तिथं टाळच ऐकायचे. एकदा बोलायच्या नादात मागं पडलो, तेव्हा एका मावशींनी पदराचं टोक हातात दिलं आणि आमच्या पताकेपर्यंत ओढत नेलं. दंड धरून ढकलणाऱ्यांपेक्षा ही रीत मला फार आवडली. दंड धरणाऱ्यांशी अजून भांडतो: “माउली, तुम्ही धरू नका, मी तुम्हाला धरतो.”

आबा चार दिवस रुसले. “मला उठवत नाहीस आता,” म्हणाले. खर्ड्याला मात्र रात्री माझ्या ताटात दुसरी भाकर पडली तेव्हा गप्पच राहिले, आणि परांड्याला तिसरी वाढा म्हणून त्यांनीच सांगितलं.

पंढरपुरात फोन हरला. देवळाभोवतीच्या बोळांत दोन्ही बाजूंना उंच भिंती. सिग्नल भिंतींवर आपटून वाकडातिकडा येतो आणि फोन आपल्याला शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवतो. शिवाय ती गर्दी. तिथं काठी उघडायलासुद्धा जागा नाही. मुकाट्यानं आबांच्या खांद्यावर हात ठेवला. “इचार की तुझ्या मोबाइलला,” म्हणाले, पण खांदा काही काढून घेतला नाही.

नामदेव पायरीशी टेकलो तेव्हा सवयीनं खूण साठवली. घरी आल्यावर पुतण्यानं नकाशा पाहिला. म्हणाला, “काका, ही तर कुठल्यातरी दुकानावर पडलीय. सरकवू का?”

म्हटलं, राहू दे.