अप्पा बळवंत चौकातला जून

आमची शाळा घंटेने सुरू व्हायची नाही, पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात सुरू व्हायची. जूनचा पहिला आठवडा, पावसाचा अजून भरवसा नाही, तरी वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या काखेत छत्री. ते शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. पुस्तकखरेदी हे त्यांच्या लेखी बायकांचं काम नव्हतं, मुलांचं तर नव्हतंच. आई यादी करून द्यायची आणि घरी राहायची.

धाकट्या बहिणीची पुस्तकं सरळ जुन्या पुस्तकांच्या दुकानात, निम्म्या किमतीला. माझं मात्र तसं जमेना. १९७२ साली मी आठवीत गेले आणि आमची तुकडी निघाली दहावीच्या शालान्त परीक्षेची पहिली, १९७५ची. वरच्या वर्गातल्या मुली जुन्या अकरावीच्या अभ्यासक्रमातल्या. त्यांची पुस्तकं आम्हाला निरुपयोगी. म्हणजे दर जूनला सगळी कोरी! मी खूश, अण्णा गप्प.

पण खरी गंमत पुढेच. दुकानदाराने पुस्तक पुढे केलं की अण्णा मुखपृष्ठ बघायचेच नाहीत. अंगठ्याने पानं सोडत प्रत्येक फर्म्याच्या, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडीच्या, पहिल्या पानाचा तळ बघायचे. तिथे बारीक आकडा असतो, तो क्रमाने लागला पाहिजे. एखादा फर्मा दोनदा शिवला गेला किंवा गळला, तर वर्षभर मुलीला कळायचं नाही आणि परीक्षेच्या आधी डोळे पांढरे होतील, हे त्यांचं म्हणणं. मागे रांग वाढायची, दुकानदार म्हणायचा, "काका, सरकारी पुस्तक आहे, काय बघताय?"

"सरकारी असलं तरी शिवतं माणूसच ना मालक," म्हणून अण्णा पुढचं पुस्तक उघडायचे. भूगोलाचं पुस्तक त्यांनी एकदा खरोखरच परत केलं होतं, त्यात पाचव्यानंतर सातवा फर्मा होता. त्या दिवसानंतर मला लाज वाटणं बंद झालं. आजही नवं पुस्तक हातात आलं की माझा अंगठा आधी तळाकडे जातो. (या स्मरणिकेचंही तेच होणार, संपादक मंडळाने राग मानू नये.)

वह्यांचं वेगळं. शिलाई ओढून बघायची, पान उजेडात धरायचं, शाई फुटेल का ते नखाने अजमावायचं. कव्हरं मात्र विकत घेणं नाही. छापखान्यातले वाया गेलेले कागद घरी यायचे, कोरी बाजू बाहेर. मी आठवीत गेले त्या साली मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक होऊन गेली होती, त्यामुळे माझ्या इतिहासाच्या पुस्तकाला आतून एका उमेदवाराचं मतदानाचं आवाहन होतं. बाईंनी कव्हर उलटून वाचलं आणि वर्गात मला विचारलं, "मग, किती मतं पडली?"

चौकातून बाजीराव रस्त्याने पुढे, लक्ष्मी रस्ता ओलांडून तुळशीबाग. तांब्यापितळेची भांडी, बांगड्या, भातुकली आणि या सगळ्यांच्या मधोमध राममंदिर. चौकात दुकानदाराला घाम फोडणारे अण्णा इथे मात्र पार गळपटायचे. घासाघीस त्यांना येतच नव्हती. शाळेच्या लाल रिबिनी घ्यायच्या, विक्रेती जो भाव सांगेल तो ते खिशातून काढून द्यायचे, वर "बरं आहे ना चाललेलं?" अशी चौकशी. शेजारी एखादी बाई तीच रिबीन निम्म्याने पाडून घेत असायची. मी बाही ओढायचे, उपयोग शून्य.

मंडईजवळ आलो की अण्णा थांबायचे. "आईला दीड रुपया सांगायचं, काय?" प्रत्यक्षात दोन गेलेले असायचे. मी मान डोलवायची. घरी आई रिबीन बोटाला गुंडाळत विचारायची, केवढ्याला? अण्णा म्हणायचे, दीड. आई माझ्याकडे बघायची, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"दीडलाही महागच पडली," आई म्हणायची.