श्वास घ्या, रोखा : एक्स-रेच्या धंद्यातली आमची वाटचाल

एक्स-रे वाचणाऱ्या एआयची, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची, चर्चा सुरू झाल्यापासून आमच्याकडे येणारे बहुतेक डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, "हे सॉफ्टवेअर बसवलं की रेडिओलॉजिस्टशिवाय भागेल ना?" रेडिओलॉजिस्ट म्हणजे एक्स-रे, सीटी वाचून निदान करणारे डॉक्टर. उत्तर द्यायच्या आधी मी विचारणाऱ्यांच्या एक्स-रे खोलीत जातो आणि गेल्या आठवड्यातले छातीचे एक्स-रे बघायला मागतो. पेशंटचा श्वास पूर्ण भरलेला आहे का, खांद्याची हाडं फुफ्फुसावर आली आहेत का, माणूस तिरका उभा होता का, एवढं पाहिलं की सॉफ्टवेअर तिथे कामाचं ठरेल की नाही ते कळतं. आमची फर्म या खोल्यांमध्येच वाढली, म्हणून हे ठामपणे सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सांगलीच्या गावभागात एक गाळा भाड्याने घेऊन मी आणि धाकटा भाऊ एक्स-रे मशीनची दुरुस्ती करू लागलो. जोडीला फिल्म आणि ती धुवायची डेव्हलपर, फिक्सर ही रसायनं यांची विक्री. मिरज शेजारी असणं हेच आमचं भांडवल. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून माणसं तपासणीसाठी मिरजेला उतरतात. वानलेसवाडीला तर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामच होतं. छातीचा एक्स-रे ही या भागाची जुनी ओळख आहे.

तेव्हा काम ओलं होतं. डार्करूममध्ये लाल दिवा, हँगरला लावलेली फिल्म आणि दोन टाक्या. डेव्हलपर २० अंशांच्या आसपास हवा आणि सांगलीचा उन्हाळा चाळिशीला टेकलेला. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात टाकीभोवती बर्फ ठेवायला लागायचा, नाहीतर फिल्म धुरकट यायची. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरते, ती काढायला लोक कॅन घेऊन दारात येत. गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा आमच्याच खानापूर-आटपाडीकडचा, देशभर पसरलेला, तेव्हा गिऱ्हाइकाची वाण नव्हती. त्या काळात आमच्याकडे आलेले एक ज्येष्ठ टेक्निशियन काका अजून आमच्यासोबत आहेत. फिल्म धुवायला घेण्याआधीच ती बिघडणार की नाही हे ते सांगत, कारण पेशंटला उभं कसं केलं होतं ते त्यांनी पाहिलेलं असायचं.

पुढे फिल्मऐवजी सीआर कॅसेट आल्या, त्यांतला फोटो यंत्राने वाचून कॉम्प्युटरवर घेता येई. मग थेट कॉम्प्युटरवर फोटो देणारे डीआर पॅनल आले. डार्करूम गेली आणि तिच्यासोबत आमच्या विक्रीचा मोठा भागही गेला. त्या वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. देखभालीच्या करारांवर आम्ही तग धरला.

धंद्याला खरं वळण दिलं ते ऑगस्ट २०१९ च्या महापुराने. कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं आणि गाळा बुडाला. दुरुस्तीला आलेली यंत्रं गेली, त्याचं नुकसान पैशात मोजता आलं. पण नदीकाठच्या कितीतरी दवाखान्यांचे कॉम्प्युटरही पाण्याखाली होते आणि त्यांत पेशंटचे जुने एक्स-रे, सीटी होते. फुफ्फुसातला डाग नवा की जुना हे जुन्या फोटोशेजारी ठेवूनच ठरतं. तो जुना फोटोच नाही म्हटल्यावर डॉक्टरांचे हात बांधले जातात. आम्ही विश्रामबागेत वरच्या मजल्यावर जागा घेतली आणि दवाखान्यांच्या प्रतिमा दोन वेगळ्या ठिकाणी साठवून द्यायचं काम हाती घेतलं. डायकॉम हे प्रतिमांचं समान स्वरूप १९९३ पासून जगभर रूढ आहे, त्यामुळे कुठल्याही कंपनीचं मशीन जोडता आलं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, विटा इथल्या छोट्या दवाखान्यांचे एक्स-रे मिरजेतले रेडिओलॉजिस्ट आपल्या पडद्यावर वाचू लागले. जतच्या माणसाला फक्त रिपोर्टसाठी मिरज गाठणं म्हणजे दिवस मोडणं. ते थांबलं. एआय पुढे जोडता आलं ते याच तारेवर.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे इथे नेमकं काय, तेही सांगतो. लाखो एक्स-रे आणि त्यांचे निष्कर्ष दाखवून शिकवलेला हा प्रोग्राम असतो. नवा फोटो दिला की तो संशयाची जागा रंगवून दाखवतो आणि संशय किती याचा एक आकडा देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये क्षयरोगाच्या चाचपणीसाठी अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली, ती १५ वर्षं आणि त्यावरच्या माणसांच्या छातीच्या एक्स-रेपुरती. किती आकड्याच्या वर संशयित धरायचं हे ज्या त्या भागाने तपासून ठरवायचं असतं. लहान मुलांचे एक्स-रे म्हणूनच आम्ही या सॉफ्टवेअरला देत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

विकत घेण्याआधी आम्ही नावं काढून टाकलेले आमच्याच भागातले जुने एक्स-रे त्याला दिले आणि रेडिओलॉजिस्टांच्या निदानाशी ताडून पाहिले. याला कारण होतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं की न्यूमोनिया ओळखायला शिकलेला प्रोग्राम दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर कमी पडतो, आणि फोटो कुठल्या रुग्णालयातला आहे हे मात्र तो सहज ओळखतो. आमच्या पडताळणीत दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. पूर्वी टीबी होऊन बरा झालेल्या माणसाच्या फुफ्फुसात व्रण राहतात, त्यांना सॉफ्टवेअर वारंवार संशयित ठरवतं. फाउंड्रीत वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या फुफ्फुसातली धूळही त्याला तशीच दिसते. धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार झालेल्यांना टीबीचा धोकाही जास्त असतो, त्यामुळे त्यांना सोडून देता येत नाही. त्यांना विचारायचं, "पूर्वी औषधं घेतली होती का? काम कुठे करता?" आणि थुंकीत टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी करायची. टीबीवर शिक्कामोर्तब ती तपासणी करते, एक्स-रे करत नाही.

आता काकांकडे वळतो, कारण या सगळ्यात सर्वांत मोलाचं काम त्यांनी केलं. सॉफ्टवेअरने फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला डाग दाखवलेले काही एक्स-रे त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "ही वेणी आहे." खांद्यावरून पुढे आलेली जाड वेणी फुफ्फुसाच्या टोकावर सावली टाकते आणि मोठ्या माणसांचा टीबी बहुतेकदा तिथेच दिसतो. ताईत, मंगळसूत्र, सदऱ्याची बटणं यांचंही तेच. तेव्हापासून काका तालुक्याच्या दवाखान्यांत जाऊन टेक्निशियन मुलामुलींना शिकवतात. "मावशी, वेणी डोक्यावर बांधा. हनुवटी वर. हात कमरेवर, कोपर पुढे. आता मोठा श्वास घ्या, रोखा." आणखी एक गोष्ट ते घोकून घेतात. पेशंट उभा राहू शकत असेल तर फोटो पाठीकडून, म्हणजे पीए. झोपवून पुढून काढला की हृदय फुगलेलं दिसतं आणि सॉफ्टवेअर हृदय मोठं झाल्याचं सांगून मोकळं होतं. आमच्या प्रत्येक करारात आता टेक्निशियनचं प्रशिक्षण आधी येतं आणि सॉफ्टवेअर नंतर. एखाद्या मालकाला हे फुकटचं लचांड वाटतं. तिथे आम्ही ऑर्डर घेत नाही.

एआयचा खरा उपयोग मला ऊसतोडीच्या हंगामात पटला. बीडकडून, मराठवाड्यातून आलेल्या टोळ्या या फडातून त्या फडात हलतात. कारखान्याच्या तळावर शिबिर घेऊन एक्स-रे काढायचा आणि रिपोर्ट दोन दिवसांनी द्यायचा, म्हणजे तो कोणाच्याच हाती पडणार नाही. हातात धरता येणारं एक्स-रे मशीन आणि लॅपटॉपवर चालणारं सॉफ्टवेअर असेल तर माणूस रांगेत उभा असतानाच संशय कळतो आणि थुंकीचा नमुना तिथल्या तिथे घेता येतो. टीबीची औषधं साधारण सहा महिने घ्यायची असतात, म्हणून त्याचं गाव, मुकादमाचा नंबर, पुढचा मुक्काम सगळं त्याच वेळी लिहून घ्यायला हवं. ही नोंद ठेवणारी आशाताई किंवा आरोग्यसेवक नसेल तर सॉफ्टवेअरने कमावलेली वेळ वायाच जाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये क्षयरोगाविरुद्ध १०० दिवसांची मोहीम काढली, तिच्यातही अशा मशीनवर भर होता. ते योग्यच झालं असं मी मानतो.

दुसरा उपयोग रात्रीचा. महामार्गावर अपघात झाला, डोक्याला मार लागला, सीटी झाला. सॉफ्टवेअर मेंदूतला रक्तस्राव काही मिनिटांत हेरतं आणि तो पेशंट डॉक्टरांच्या यादीत सर्वांत वर आणतं. यादीच्या तळाचे फोटोही डॉक्टरच वाचतात. "नॉर्मल" हा शब्द डॉक्टरांच्या सहीशिवाय आमच्या सिस्टिममधून बाहेर पडत नाही. काही दवाखाने हा नियम सैल करा म्हणतात, खर्च वाचतो म्हणून. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे दुरून वैद्यकीय सल्ला देण्याच्या, मार्गदर्शक तत्त्वांनी एआयला डॉक्टरांच्या मदतीला परवानगी दिली आहे, पेशंटला सल्ला किंवा औषध द्यायला दिलेली नाही. एप्रिल २०२० पासून असं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणांच्या नियमांतही आलं आहे. पण नियम नसता तरी मी ही अट सोडली नसती. पेशंटला जाब विचारता येईल असा माणूस त्या कागदावर हवा.

सोनोग्राफीच्या कामाला आम्ही हात लावत नाही. २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला स्त्रीभ्रूणहत्येचं जे प्रकरण उघड झालं ते या जिल्ह्यातलं कोणी विसरलेलं नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदा नीट पाळायचा तर प्रत्येक मशीनचा हिशेब चोख हवा. आमच्यासारख्या छोट्या फर्मने त्यात एआयची भर घालू नये, असं भावाचं आणि माझं एकमत आहे.

पुढचं काम मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचं आहे. स्वीडनमध्ये सुमारे ८० हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये आले. कोणती तपासणी एका डॉक्टरने वाचायची आणि कोणती दोघांनी, हे एआयने सुचवलं. डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर सापडण्याचं प्रमाण घटलं नाही. पण तिथे प्रत्येक फोटो दोन डॉक्टरांनी वाचायची पद्धत आधीपासून होती आणि स्त्रिया काही त्रास नसतानाच तपासणीला बोलावल्या जातात. आपल्याकडे बाई गाठ हाताला लागल्यावर येते, तीही घरातली सगळी कामं उरकून. म्हणून आधी तालुक्याच्या गावी मशीन आणि तपासणी करणारी प्रशिक्षित मुलगी हवी. विट्यातल्या एका डॉक्टरबाईंशी बोलणं चालू आहे. मशीन त्यांचं, देखभाल आमची, आणि पहिलं वर्षभर प्रत्येक तपासणी मिरजेतल्या दोन रेडिओलॉजिस्टांनी वेगवेगळी वाचायची. ते निकाल हाती आल्यावर सॉफ्टवेअर त्यांच्याशी ताडून पाहू, आणि जोडायचं की नाही ते डॉक्टरबाई ठरवतील.